पावतीपासून वडीलधाऱ्यांच्या जबाबापर्यंत

जव्हारजवळच्या शिरपामाळाचे नाव शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या सुरत स्वारीशी जोडले गेले आहे. या माळाभोवतीच्या जव्हार-मोखाड्यातल्या नागली-वरईच्या वनप्लॉटचाही एक इतिहास आहे. कायदेमंडळाने कायदा करायचा आणि उरलेली जागा न्यायालयाने भरायची, हे त्यात पायरीपायरीने दिसते.

सुरुवात २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयाची. वनजमिनीवरची ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे शासनाने ठरवले. पण पुरावा कोणता? वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांकडे या जमिनीचा सातबारा नव्हता. वनखात्याने दंड केल्याची पावती किंवा गुन्ह्याची नोंद, एवढाच कागद हाती असायचा. ज्याला कधी दंड झाला नाही, किंवा ज्याची पावती गळक्या छपराखाली भिजून गेली, त्याने वर्षानुवर्षे राब भाजून, बांध घालून कसलेले शेत सरकारदरबारी नसल्यात जमा. त्यात १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीच्या निर्णयासाठी केंद्राची मंजुरी बंधनकारक केली.

याच जमिनींच्या दाव्यांसाठी १९८६ मध्ये कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ च्या आदेशाने दाव्यांच्या चौकशीची वाट मोकळी झाली आणि कागदाखेरीज इतर पुराव्यालाही जागा मिळाली. एकाही कायद्याचे कलम न बदलता, नुसती पुराव्याची रीत बदलून कितीतरी कुटुंबांचे पारडे जड झाले. न्यायालयाने घडवलेल्या कायद्याची ताकद ती हीच. त्याची मर्यादाही तितकीच खरी: आदेश त्या याचिकेतल्या प्रश्नापुरता असतो, देशभरच्या जंगलातल्या माणसाला तो आपोआप पोचत नाही.

मे २००२ मध्ये केंद्राने वनजमिनीवरची अतिक्रमणे हटवण्याचे फर्मान काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राने गावपातळीवरच्या चौकशीचा शासन निर्णय काढला. पुढे संसदेने २००६ चा वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळाला आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेकडे आली. कायद्याखालच्या नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, घर, विहीर, बांध, दफनभूमी हे सारे पुरावे ठरले. कोर्टात मान्य झालेली गोष्ट अशी देशाच्या कायद्यात उतरली. या नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीने तर दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या किंवा गुन्ह्याचे अहवाल एवढ्याच आधारावर दावा फेटाळायला मनाई केली.

कायदा झाला म्हणून न्यायालयाचे काम संपत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला तोच आदेश स्थगित करून, दावे फेटाळताना राज्यांनी योग्य रीत पाळली का, याचा खुलासा मागितला. न्यायालयाची चूक न्यायालयालाच दुरुस्त करता येते, पण त्यासाठी कोणीतरी दाद मागावी लागते.

या साऱ्या प्रवासातून मला एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. निकाल आणि कायदा हे एकमेकांचे वैरी नाहीत. एकाने दिलेले दुसऱ्याने टिकवायचे असते. ते टिकते कुठे? ग्रामसभेकडून आलेला दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या टेबलावर. तिथे आजीचा जबाब वाचल्याशिवाय दावा फेटाळता कामा नये, आणि फेटाळलाच तर कारण लेखी मिळालेच पाहिजे. नियम १३ प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. तो आपल्याच माणसांनी लढून मिळवलेला आहे.