विचार करता करता इंग्रजी

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्यामुळे इंग्रजीचा प्रश्न माध्यमिक शाळांपुरता न राहता जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत येऊन पोचला. मुले स्पेलिंग पाठ करतात, धड्याखालील प्रश्नांची उत्तरे उतरवून काढतात. परंतु कोणी इंग्रजीत साधा प्रश्न विचारला की गप्प होतात, ही तक्रार जुनीच आहे. तिच्या मुळाशी जाणारा एक प्रयोग दक्षिण भारतात झाला होता.

१९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर, मद्रास (आताचे चेन्नई) व कडलूर येथील काही शाळांत हा प्रयोग राबविण्यात आला. 'बंगळूर प्रकल्प' या नावाने तो पुढे जगभर ओळखला गेला. त्यापूर्वी सर्वत्र रचना पद्धतीचा प्रभाव होता. ठरावीक क्रमाने एकेक वाक्यरचना शिकवावयाची व ती घटवून घ्यावयाची, अशी ही पद्धती. प्रभू यांचे म्हणणे असे, की मुलाचे लक्ष अर्थाकडे लागले म्हणजे भाषेची रूपे त्याच्या मनात नकळत रुजतात. आणि लक्ष अर्थाकडे लागावयाचे, तर त्याच्यापुढे सोडविण्याजोगे कोडे हवे.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी अकराला हजर राहावयाचे आहे. एस.टी. सव्वासात, नऊ व पावणेदहा वाजता सुटते. प्रवासास दीड तास लागतो. शिक्षक हे वेळापत्रक फळ्यावर लिहून इंग्रजीत विचारतात, 'व्हिच बस विल यू टेक?' मुलाला आधी हिशेब करावा लागतो. पावणेदहाची गाडी सव्वाअकराला पोचणार, म्हणजे ती उपयोगाची नाही. सव्वासातची फार लवकर पोचते. मूल 'नाईन ओ'क्लॉक' एवढेच म्हणाले, तरी उत्तर बरोबर आहे. शिक्षक तेच उत्तर पूर्ण वाक्यात म्हणून पुढे जातात. व्याकरणासाठी धडा थांबवीत नाहीत. त्यानंतरचा 'व्हाय नॉट द लास्ट बस?' हा प्रश्न अधिक मोलाचा, कारण तेथे कारण सांगावे लागते.

प्रकल्पात असे एक कोडे प्रथम साऱ्या वर्गाबरोबर सोडविले जाई. मग त्याच जातीचे दुसरे प्रत्येक मुलाने स्वतंत्रपणे सोडवावयाचे. निदान निम्म्या मुलांना निदान निम्मे काम जमले, तर ते योग्य काठिण्याचे समजत. नुसती माहिती एकमेकांना सांगण्यापेक्षा किंवा स्वतःचे मत मांडण्यापेक्षा दिलेल्या माहितीवरून तर्काने उत्तर काढण्याची कामे अधिक फलदायी ठरतात, असे प्रभू यांना आढळले. माहिती सांगताना विचार थोडाच करावा लागतो; आणि मत मांडताना बरोबर काय याचा निश्चित आधार नसल्याने लाजरे मूल मागे राहते. मुलांच्या गटचर्चेवर मात्र त्यांनी भर दिला नाही. आपसात बोलताना एकमेकांचेच सदोष इंग्रजी पक्के होईल, ही त्यांची भीती. गटकार्याची आज सवय झालेल्या शिक्षकांना हे कदाचित रुचणार नाही.

प्रकल्पाच्या अखेरीस झालेल्या मूल्यमापनात वाक्यरचनांच्या कसोटीत नेहमीच्या पद्धतीचे वर्ग सरस ठरले, तर कोडी सोडविण्याच्या कसोटीत प्रकल्पाचे. श्रुतलेखन, आकलन अशा दोहोंना सारख्या कसोट्यांचा कल बव्हंशी प्रकल्पाकडे होता. तथापि वर्गांची निवड काटेकोर नसल्याने या निष्कर्षांना मर्यादा आहेत.

खरी अडचण निराळीच होती. पाठ्यपुस्तकातील ठरलेली वाक्ये सोडून वर्गात उत्स्फूर्त, सोपे इंग्रजी बोलणे हे शिक्षकाचेच काम होते. ॲलन बेरेटा यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की प्रकल्पाशी प्रारंभापासून जवळचा संबंध असलेल्यांनी ही पद्धती आत्मसात केली. शाळांतील नेहमीच्या शिक्षकांपैकी अनेकांना मात्र ती पेलली नाही. वेळापत्रक, गावाचा नकाशा, बाजारभावाचा तक्ता ही साधने कोणतीही ग्रामपंचायत शाळेला विनाखर्च देऊ शकेल. त्यांवर इंग्रजीत चार प्रश्न सहज विचारण्याचा सराव शिक्षकाला मिळावयाचा, तर तो प्रशिक्षण वर्गातच, आणि तोही इंग्रजीत बोलूनच मिळावा लागतो.