अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, तरीही

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कोलंबाइन हायस्कूलच्या एका खिडकीत २० एप्रिल १९९९ रोजी एक फळा लावलेला दिसत होता. आत एक माणूस रक्त जाऊन मरतो आहे, एवढंच त्यावर लिहिलं होतं. तो माणूस म्हणजे शिक्षक डेव्ह सँडर्स. उपाहारगृहातल्या मुलांना बाहेर पळायला लावून ते वरच्या मजल्याकडे धावले आणि तिथे त्यांना गोळ्या लागल्या. वर्गातल्या मुलांनी अंगातले शर्ट काढून त्यांच्या जखमा दाबून धरल्या. गोळीबार ११ वाजून १९ मिनिटांनी सुरू झाला होता. बाराच्या सुमारास दोन्ही हल्लेखोरांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. पोलिसांचं पथक सँडर्स सरांपर्यंत पोचलं तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. ते वाचले नाहीत.

मी मिरजेत शिकलेली नर्स. आता डेन्व्हरजवळच्या एका रुग्णालयात इमर्जन्सी विभागात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी शाळांमधून रक्तस्राव थांबवण्याचं प्रशिक्षण देते. अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की सांगलीहून भावाचा फोन येतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘‘ताई, पोलीस दारात, अ‍ॅम्ब्युलन्स दारात, मग माणसं मरतात कशी?’’ हा प्रश्न पुष्कळांना पडत असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या पॅरामेडिकला पहिला धडा मिळतो तो स्वतःच्या सुरक्षिततेचा. जागा सुरक्षित आहे असं पोलीस सांगत नाहीत तोवर आत जायचं नाही. हा नियम भेकडपणातून आलेला नाही. पॅरामेडिककडे शस्त्र नसतं. त्यालाच गोळी लागली तर जखमींत एकाची भर पडते आणि उपचार करणारा एक कमी होतो. अडचण अशी की मोठ्या इमारतीत खोली न् खोली तपासून ‘आता धोका नाही’ असं म्हणायला तास-तास लागतात. दुसरा हल्लेखोर असेल, बॉम्ब ठेवलेला असेल, या शंका फिटेपर्यंत स्ट्रेचर बाहेरच थांबतं.

शरीर मात्र थांबत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो. मांडीतली मोठी धमनी तुटली तर हे काही मिनिटांतच घडतं. अशा जखमीला आमच्या विभागात आणतात तेव्हा ओठ पांढरे पडलेले असतात, हातपाय गार असतात, माणूस तहान लागली म्हणतो आणि बोलता बोलता बरळू लागतो. त्या अवस्थेपर्यंत पोचलेल्याला परत आणताना आम्ही पिशव्यांमागून पिशव्या रक्त चढवतो. तेच रक्त सुरुवातीला तळहाताने अडवता आलं असतं, हे तेव्हा फार टोचतं.

कोलंबाइननंतर पोलिसांची पद्धत बदलली. विशेष पथकाची वाट न पाहता, पहिले जे पोलीस पोचतील त्यांनी थेट हल्लेखोराकडे जायचं, असं शिकवलं जाऊ लागलं. वैद्यकीय मदतीची पद्धत तितक्या वेगाने बदलली नाही. १२ जून २०१६ च्या पहाटे ऑरलँडोच्या पल्स नाइट क्लबमध्ये ४९ जण मारले गेले. अग्निशमन दलाचं एक ठाणं क्लबच्या अगदी जवळ होतं आणि शहरातलं मोठं ट्रॉमा रुग्णालय काही चौक पलीकडे. हल्ला तीन तासांहून अधिक चालला. त्यापैकी बऱ्याच वेळात हल्लेखोर स्वच्छतागृहांच्या बाजूला अडकून होता आणि जखमींना पोलीस हातांनी ओढून बाहेर आणत होते. पुढे २०१८ साली डॉक्टरांनी शवविच्छेदनाचे अहवाल तपासले. वेळेवर प्राथमिक उपचार मिळून तासाभरात ट्रॉमा रुग्णालय गाठता आलं असतं, तर ४९ पैकी १६ जण कदाचित वाचू शकले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अंतर काही चौकांचंच होतं आणि तेवढंच ओलांडता आलं नाही.

यावर उपाय शोधला गेलेला आहे. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन परगण्याच्या अग्निशमन दलाने ‘रेस्क्यू टास्क फोर्स’ उभा केला. घटनास्थळाचे तीन पट्टे मानायचे. गोळीबार चालू आहे तिथे फक्त पोलीस. पूर्ण सुरक्षित भागात अ‍ॅम्ब्युलन्स आणि जखमींची वर्गवारी. या दोहोंच्या मधला पट्टा, जिथून हल्लेखोर पुढे सरकला आहे पण खोल्या तपासून झालेल्या नाहीत, तिथे चिलखती जाकिटं घातलेले पॅरामेडिक सशस्त्र पोलिसांच्या कड्यात शिरतात. तिथे ते सलाइन लावत बसत नाहीत. वाहतं रक्त थांबवायचं, श्वास मोकळा करायचा आणि माणूस बाहेर काढायचा, एवढंच काम. २०१३ साली शल्यविशारद, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या जाणत्यांनी हार्टफर्डमध्ये एकत्र बसून हाच क्रम मांडला : धोका आवरा, रक्त थांबवा, लवकर बाहेर काढा, तपासा, रुग्णालयात न्या.

कागदावरचा क्रम सराव केल्याशिवाय हाताशी येत नाही. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पहिले पोलीस शाळेत पोचल्यापासून हल्लेखोर मारला जाईपर्यंत ७७ मिनिटं गेली. तिथे पोलिसांची संख्या कमी नव्हती, सूत्रं कोणाच्या हाती हेच ठरलेलं नव्हतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने जानेवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. प्राण गेलेल्यांना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं गेलं आणि गोळ्या लागलेली जिवंत मुलं उपचारांविना शाळेच्या बसमध्ये बसवली गेली, असं त्यात नोंदवलं आहे. मी तो भाग वाचला आणि बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

रक्त थांबवायला बांधतात त्या टूर्निकेटने सगळे वाचतील असं मात्र कोणी समजू नये. तो आवळपट्टा हातापायांपुरताच. छातीत किंवा पोटात गोळी लागली असेल तर आतला रक्तस्राव बाहेरून दाबून थांबत नाही, तिथे ऑपरेशन टेबलच लागतं. म्हणून वाहतूक महत्त्वाची. २०१२ मध्ये आमच्याच भागातल्या ऑरोराच्या चित्रपटगृहात गोळीबार झाला तेव्हा गर्दीतून अ‍ॅम्ब्युलन्स जवळ येईनात. पोलिसांनी जखमींना गस्तीच्या गाड्यांत घालून रुग्णालयात नेलं. कितीतरी जीव त्या निर्णयाने वाचले.

मुंबईने हे त्याआधीच अनुभवलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री सीएसटी स्थानकावरच्या जखमींना हमालांनी, प्रवाशांनी सामानाच्या हातगाड्यांवर घालून जवळच्या रुग्णालयांकडे पळवलं. सेंट जॉर्जेस रुग्णालय स्थानकाला लागूनच आहे. राज्याची १०८ अ‍ॅम्ब्युलन्स सेवा तेव्हा नव्हती, ती २०१४ मध्ये आली. त्या हमालांनी, प्रवाशांनी कोणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही.

प्रशिक्षणात आमच्याकडे फोमचा पाय असतो, त्यातल्या नळीतून लाल पाणी वाहतं. शिक्षक, शिपाई, बसचालक सगळेच सुरुवातीला हलक्या हाताने दाबतात, समोरच्याला दुखेल म्हणून. मी त्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, जखम खोल असेल तर कापड आत ठासा आणि दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाबा. मदत येईपर्यंत हात उचलू नका, सारखं उघडून पाहू नका. टूर्निकेट असेल तर जखमेच्या चार बोटं वर बांधा, सांध्यावर नको. रक्त थांबेपर्यंत आवळा. जखमी ओरडेल, तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. आधी कोणाला तरी १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा.

कोकणातल्या घाटात बस कलंडली, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला, कारखान्यात हात मशीनमध्ये गेला, तरी हेच करायचं असतं. पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्स यांचा एकत्र सराव वर्षातून एकदा तरी आपल्या शहरात होतो का, हे नगरसेवकाला विचारा. शाळेच्या पालकसभेत रक्तस्राव थांबवण्याच्या प्रशिक्षणाची मागणी करा. आणि स्वतः शिका. अ‍ॅम्ब्युलन्स पोचेपर्यंत जखमीजवळ जो असेल, त्याचाच काय तो आधार असतो.