केरसुणीने लोटलेला पारा

पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासणाऱ्याला एक गोष्ट हमखास आढळते. बॅरोमीटरमधील पाऱ्याची उंची विचारली की निम्मी मुले डोळे मिटून ‘७६ सें. मी.’ असे लिहून मोकळी होतात. कारण पुस्तकात तसे छापलेले असते! परंतु पुस्तकातला तो आकडा समुद्रसपाटीचा. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास उंचावर वसलेले. इथे पारा सत्तर सेंटिमीटरच्या थोडा खालीच थांबतो. मी १९८३ साली ह्याच शहरातल्या एका महाविद्यालयात (नाव कशाला सांगू?) डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो तेव्हा हे ७६ चे भूत उतरवायचेच असा पण केला, आणि एका दुपारी सगळ्या वर्गाला बॅरोमीटरभोवती गोळा केले. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला, नळी टेबलावर आपटून फुटली, आणि पारा टेबलावरून जमिनीवर असा काही धावला की वर्गात एकच हशा पिकला. कानडी मुले ‘पादरस, पादरस’ म्हणून ओरडत होती, मराठी मुले ‘पारा, पारा’ म्हणून. दोन्हीकडची मुले मिळून तो बोटांनी पकडण्याच्या मागे लागली. मीही हसत होतो. मग आमचे प्रयोगशाळेतले मामा केरसुणी घेऊन आले, त्यांनी सगळे लोटून एका कागदावर घेतले, फडक्यातून गाळून बाटलीत भरले, आणि प्रात्यक्षिक पुढे चालू झाले.

त्या दुपारी आम्ही काय केले ते मला बऱ्याच वर्षांनी कळले. हा लेख त्याविषयी आहे.

पाऱ्याशी आपले नाते तसे लहानपणापासूनचे. माझे बालपण निपाणीत गेले. घरात कोणाला ताप आला की थर्मामीटर निघे, आणि तो झटकताना खाटेच्या कडेला लागून एकदा तरी फुटल्याशिवाय राहत नसे. आई काचा तेवढ्या काळजीने वेचायची, ‘पायात घुसतील’ म्हणून. पारा मात्र आम्हा भावंडांचा. तपकिरीच्या रिकाम्या डबीत तो जपून ठेवायचा, तळहातावर घेऊन नाचवायचा, तांब्याच्या जुन्या नाण्यावर घासून ते चांदीसारखे चकचकीत करून शाळेत मिरवायचे. वर्षाच्या गव्हात टाकण्यासाठी पाऱ्याच्या टिकड्या आणल्या जात, त्याही आमच्याच हाताने धान्यात पुरल्या जात. एक ताकीद मात्र सक्त होती: ‘तोंडात घालू नका रे!’

गंमत अशी की, ह्या ताकदीत जी भीती आहे ती जवळजवळ चुकीच्या जागी आहे. धातुरूप पारा चुकून गिळला गेला तर निरोगी आतड्यातून तो फारसा शोषला जात नाही. दहा हजारांत एक भागही नाही. बहुतेक सगळा शौचावाटे निघून जातो. (म्हणून कोणी प्रयोग करून पाहू नये. पाऱ्याच्या क्षारांची गोष्ट अगदी वेगळी आहे. ते पोटात गेले तर जिवावरचे विष.) खरा धोका नाकातून आत शिरतो. पारा हा नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असलेला धातू आहे हे आपण पाठ करतो. पण जो द्रव आहे तो उडतोही, हे विसरतो. पाण्याचे बाष्प होते तसे पाऱ्याचेही होते, फक्त फार सावकाश. त्याला वास नाही, रंग नाही. आणि ही वाफ श्वासाबरोबर आत गेली की तिच्यातला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो.

राहतो तो कसा, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. वाफेतला पारा एकेकट्या अणूंचा असतो, त्यावर विद्युत्भार नसतो, आणि तो स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतो. त्यामुळे फुप्फुसाचा पडदा ओलांडून रक्तात, आणि रक्तातून मेंदूत, त्याला मोकळी वाट मिळते. आत गेल्यावर पेशींमध्ये त्याचे ऑक्सिडीकरण होते. अणू विद्युत्भारित होतो, आणि ज्या दाराने आला त्याच दाराने त्याला परत फिरता येत नाही. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत हीच वाट वारेतून गर्भापर्यंत जाते. बोटे कापू लागणे, हिरड्या सुजणे, झोप न लागणे, विसरभोळेपणा, विनाकारण चिडणे किंवा चारचौघांत जायलाच बुजणे, ही दीर्घकाळ वाफ घेतलेल्या माणसाची लक्षणे. लहान मुलांत तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोलवटणे, दरदरून घाम आणि वाढलेला रक्तदाब अशी वेगळीच तऱ्हा दिसते. एखाद्याचा ‘पारा चढतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा अर्थातच थर्मामीटर डोळ्यांपुढे असतो. पण पारा खरोखरच माणसाला चिडखोर करतो, हा योगायोग विलक्षण खरा!

आता केरसुणीकडे वळू. हिशेब करून पाहा. आकडेमोड बारावीच्या मुलालाही जमेल. थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅमपर्यंत पारा असतो. घनता १३·६, म्हणजे त्याचा एकच थेंब केला तर व्यास सुमारे पाच मिलिमीटर, हरभऱ्याहूनही लहान. हा थेंब केरसुणीच्या काड्यांनी फोडून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे कण केले, तर असे लाखावर कण होतात, आणि उघडे पृष्ठफळ जवळजवळ पन्नास पटींनी वाढते. बाष्पीभवन होते ते पृष्ठभागावरून. म्हणजे झाडून काढणारा माणूस पारा गोळा करीत नसतो, तो उडवण्याची सोय करीत असतो. शिवाय मोठे थेंब तेवढे कागदावर येतात. डोळ्यांना न दिसणारे कण शहाबादी फरशीच्या सांध्यांत, लाकडी टेबलाच्या भेगांत, केरसुणीच्या काड्यांत आणि सतरंजीच्या विणीत जाऊन बसतात. तिथून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, वाफ येत राहते.

आणखी एक हिशेब. वर्षभर श्वासात घेण्याच्या हवेत एका घनमीटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पारा नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आपली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. एका थर्मामीटरमधला एक ग्रॅम पारा ह्या मर्यादेपर्यंत पातळ करायचा तर अशा जवळजवळ तीस हजार खोल्यांची हवा लागेल! अर्थात सगळा पारा एकदम उडत नाही, आणि खिडक्या उघड्या असल्या की वाफ बाहेर जाते. म्हणून एक थर्मामीटर फुटला आणि पारा नीट वेचला तर घाबरण्याचे कारण नाही. पण आपल्याकडचा पावसाळा आठवा. जून ते ऑगस्ट झड लागली की खिडक्या-दारे बंद, आणि त्याच दिवसांत घरोघर ताप. पाऱ्याची वाफ तापमानाबरोबर झपाट्याने वाढते हेही ध्यानात घ्यावे; वीस अंशांना होईल त्याच्या दुपटीहून अधिक तीस अंशांना. सांडलेला पारा चुलीच्या खोलीत असेल तर काय, हे सांगायला नको. आणि जमिनीवरच्या पाऱ्याला घरात सर्वांत जवळ कोण असते? रांगणारे मूल.

हे सगळे नवे ज्ञान आहे असे मात्र नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक प्रयोगशाळेत पाऱ्याच्या उपकरणांशी वर्षानुवर्षे काम करीत होता. डोकेदुखी, चक्कर, सतत वाहणारे नाक, आणि शेवटी दगा देणारी स्मरणशक्ती. त्याला वाटले, आपली बुद्धीच चालली. कारण सापडले ते खोलीतल्या हवेत. १९२६ साली त्याने स्वतःचाच आजार मांडून जगभरच्या सहकाऱ्यांना पाऱ्याच्या वाफेविषयी सावध केले. आमच्या टेबलावरचा पारा सांडला त्याच्या सत्तावन्न वर्षे आधी! आम्ही सगळे पदवीधर होतो, पण ही ओळ आमच्या कोणाच्या वाचनात नव्हती.

शाळांचे म्हणाल तर, २००३ साली वॉशिंग्टनमधल्या बालू हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने विज्ञानाच्या वर्गातून पारा उचलला आणि तो शाळाभर झाला; शाळा महिन्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागली. पण इतक्या दूर कशाला जा? थर्मामीटर जिथे बनत ते कोडाईकनाल आपल्याच दक्षिण भारतातले, सहलीचे ठिकाण. तिथल्या हिंदुस्तान लीव्हरच्या कारखान्यातील पारा लागलेल्या फुटक्या काचा भंगाराच्या आवारात पडल्याचे २००१ च्या मार्चमध्ये नागरिकांनी उघडकीस आणले, आणि कारखाना बंद झाला. कामगारांच्या प्रकृतीवर परिणाम झाल्याचे कंपनीने मान्य केले नाही. परंतु दीर्घ लढ्यानंतर २०१६ साली ५९१ माजी कामगारांशी तिला समझोता करावा लागला. पुढे पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ साली शिक्कामोर्तब केले. थर्मामीटर आणि रक्तदाबाची यंत्रे पाऱ्याविना बनवावीत, ह्यासाठी त्या करारात २०२० ची मुदत होती. त्यामुळे नवे थर्मामीटर आता आकडे दाखवणारे असतात. पण जुने गेले कुठे? कपाटाच्या खणात, माळ्यावर, शाळेच्या विज्ञान-पेटीत ते आहेतच. जुन्या रक्तदाबाच्या यंत्रात तर थर्मामीटरच्या शंभरपट पारा असू शकतो.

तेव्हा पारा सांडलाच तर पुढीलप्रमाणे करावे. प्रथम मुलांना आणि गर्भवतींना बाहेर काढावे, आतल्या खोल्यांचे दार लावून बाहेरच्या खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद ठेवावा. हातातली अंगठी, बांगड्या उतरवाव्यात. सोने पाऱ्याला लगेच धरते, आणि मग सोनाराकडे खेटे. जाड पोस्टकार्डाच्या कडेने थेंब हळूच एकमेकांकडे सरकवावेत; पाऱ्याला एकत्र यायला आवडते, त्याचा फायदा घ्यावा. ड्रॉपरने ते उचलून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, थोड्या पाण्याखाली ठेवावेत. बारीक कणांना चिकटपट्टी. मग दिवा मालवून बॅटरीचा झोत जमिनीलगत आडवा धरावा. उरलेले कण ताऱ्यांसारखे चमकतात. फटीत गंधकाची पूड भरतात. तिने वाफ कमी होते, पण तिचे काम मंद, आणि वेचण्याला ती पर्याय नव्हे. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर नको, आणि मोरीत तर मुळीच ओतू नये. पारा लागलेले कपडे धुवायला टाकू नयेत, टाकून द्यावेत. बाटली घरात न ठेवता महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात किंवा मोठ्या रुग्णालयात विचारून सोपवावी, घंटागाडीत नव्हे.

आमचे मामा पुढे पंधरा वर्षे त्याच खोलीत बसत. दुपारचा डबाही ते त्याच टेबलावर सोडत. सांडलेला पारा गोळा करणे हे त्यांच्याच वाट्याचे काम. निवृत्तीच्या सुमारास त्यांचा हात चहाचा कप धरताना कापत असे. ‘वय झालं सर, आणि काय,’ म्हणायचे. वयच असेल. पाऱ्यामुळे तसे झाले असे म्हणायला माझ्याजवळ कोणताही पुरावा नाही, कारण कोणी कधी तपासलेच नाही, आणि तपासा असे म्हणणे ज्याच्या हातात होते तो मी त्या काळात ७६ आणि ७० मधला फरक समजावून सांगण्यात दंग होतो.

निवृत्त झाल्यानंतर एकदा त्या प्रयोगशाळेत गेलो होतो. बॅरोमीटर केव्हाच गेला होता, टेबल तेच होते. नव्या प्राध्यापिकाबाईंना विनंती करून खिडक्यांचे पडदे ओढले आणि बॅटरी टेबलाच्या कडेशी आडवी धरली. मधल्या भेगेत, वीतभर लांबीत, सात-आठ कण चमकले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, मग चिकटपट्टी मागवली. टेबल त्याच आठवड्यात वर्गाबाहेर काढले गेले.