यांत्रिक घड्याळ, लेखांक ६ : तेल, झीज आणि सर्व्हिसिंग

ताशी २८,८०० ठोके ही आजच्या यांत्रिक मनगटी घड्याळांची प्रचलित गती आहे. या हिशेबाने घड्याळ दिवसाला ६,९१,२०० ठोके देते आणि वर्षाला हा आकडा २५ कोटींच्या पुढे जातो. ही सारी हालचाल बॅलन्स चाकाच्या दांड्याची दोन टोके पेलतात. त्यांची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते आणि ती माणकाच्या छिद्रात फिरतात. छिद्र पाडलेले माणिक घड्याळात वापरण्याचे पेटंट १७०४ मध्ये लंडनमध्ये दिले गेले; विसाव्या शतकाच्या आरंभी कृत्रिम माणिक बनू लागल्यावर ते सरसकट वापरात आले. माणिक पोलादापेक्षा कठीण असल्यामुळे झिजते ते पोलाद. ही झीज रोखणारा असतो तेलाचा एक सूक्ष्म थेंब. घड्याळ कितीही महाग असले, तरी त्याचे आयुष्य बव्हंशी या थेंबावर ठरते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू बेडफर्ड येथे डॉल्फिनवर्गीय सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढलेले तेल घड्याळांसाठी वापरले जाई. कालांतराने असे प्राणिज तेल चिकट होऊन मशीन जड होई. आजची कृत्रिम तेले बरीच टिकाऊ आहेत. पण तीही जागेवरून पसरतात, हळूहळू आटतात आणि बारीक धूळ धरून ठेवतात. शिवाय एकच तेल सगळीकडे चालत नाही. बॅलन्सच्या टोकांना पातळ तेल लागते. मेनस्प्रिंगच्या डब्याजवळची चाके हळू फिरतात, पण त्यांच्यावर दाब मोठा असतो, म्हणून तिथे दाट तेल घालतात. एस्केपमेंटच्या खड्यांसाठी वेगळे वंगण असते आणि चावी देण्याच्या भागांना ग्रीस लागते. तेल जागीच राहावे म्हणून काही भागांवर आधी ‘एपिलाम’ नावाचा अतिपातळ थर देतात.

तेल संपले म्हणून घड्याळ लगेच बंद पडत नाही आणि खरा धोका इथेच आहे. मेनस्प्रिंगची ताकद वाढलेल्या घर्षणावर बराच काळ मात करते आणि काटे फिरत राहतात. दरम्यान सुटलेले धातूचे कण आणि घट्ट झालेले तेल यांचे मिश्रण पॉलिश पेपरसारखे काम करते. चाकांच्या टोकांवर चरे पडतात आणि ऑटोमॅटिक घड्याळात रोटरचा आधारही झिजतो. वेळेवर केलेल्या कामात साफसफाई आणि तेल एवढ्यावर भागले असते. उशीर झाल्यावर चाकेच बदलावी लागतात. ‘वेळ बरोबर दाखवते, म्हणजे सर्व्हिसिंगची गरज नाही’ हा समज त्यामुळे फसवा आहे.

घड्याळाची खरी प्रकृती टाइमग्राफर या यंत्रावर कळते. ठोक्यांचा आवाज ऐकून ते तीन गोष्टी सांगते: दिवसाला किती सेकंद मागे-पुढे, दोन ठोक्यांमधले अंतर समान आहे की नाही आणि बॅलन्स चाक किती अंश झुलते. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळात हा झोका सामान्यतः २७० ते ३१० अंशांचा असतो. तो २०० अंशांकडे उतरू लागला, तर वेळ ठीक असली तरी मशीन उघडण्याची गरज आहे असे समजावे.

पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये आधी मेनस्प्रिंगचा ताण सोडतात, मग मशीन केसमधून काढून संपूर्ण सुटे करतात. भाग अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतात, भिंगाखाली तपासतात आणि झिजलेले बदलतात. मेनस्प्रिंग बहुधा नवीच घालतात. जुळवणी करताना प्रत्येक जागी ठरलेले तेल ठरलेल्या मापात घालावे लागते, कारण जादा तेल कमी तेलाइतकेच घातक असते. शेवटी वेगवेगळ्या स्थितींत ठेवून गती जुळवतात, रबरी गॅस्केट बदलतात आणि पाण्याची चाचणी घेतात. मशीन न उघडता वरवर तेल सोडण्याला सर्व्हिसिंग म्हणता येत नाही, कारण त्यामुळे जुना मळ आतच राहतो.

हे किती वर्षांनी करावे? पूर्वी तीन ते पाच वर्षे हा सर्वसाधारण प्रघात होता. आता रोलेक्स सुमारे दहा वर्षांची शिफारस करते. ओरिसने २०२० मध्ये आणलेल्या ‘कॅलिबर ४००’साठीही दहा वर्षांचाच अवधी सांगितला आहे. यामागे चांगली तेले आणि सुधारलेली रचना आहे. जॉर्ज डॅनियल्स यांचे को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट ओमेगाने १९९९ मध्ये बाजारात आणले. त्यात खड्यांवरचे घासणे कमी होते. युलिस नार्डिनच्या ‘फ्रीक’ने २००१ मध्ये एस्केपमेंटमध्ये सिलिकॉन वापरले. सिलिकॉन हलके आहे आणि त्याला चुंबकत्व बाधत नाही. पण ते ठिसूळ असल्याने वाकवून दुरुस्त करता येत नाही, बदलावेच लागते.

गॅस्केटचा हिशेब मात्र वेगळा आहे. घड्याळ कपाटात पडून असले तरी रबर म्हातारे होतेच. म्हणून पाण्यात वापरायच्या घड्याळाची चाचणी दरवर्षी करून घ्यावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेच्या आत धुके दिसले, तर घड्याळ त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. पोलादी भागांवर गंज चढायला फार वेळ लागत नाही.

प्रत्येक बिघाडाला मशीन उघडावे लागते असेही नाही. ठीक चालणारे घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर बहुधा स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकामुळे हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. डीमॅग्नेटायझरने हे काम काही क्षणांत होते. तारखेचा बिघाड अनेकदा हाताने ओढवलेला असतो: पुष्कळ मशीनमध्ये रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख पुढे सरकवली, तर दाते मोडू शकतात.

दीर्घकाळाचा सर्वांत अवघड प्रश्न सुट्या भागांचा आहे. अनेक स्विस कंपन्या आपले भाग फक्त अधिकृत केंद्रांनाच देतात. युरोपातील स्वतंत्र कारागिरांच्या संघटनेने याविरुद्ध २००४ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ती २०१४ मध्ये अखेर फेटाळली आणि २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. याउलट, पाटेक फिलिप १८३९ पासूनचे आपले कोणतेही घड्याळ दुरुस्त करण्याची हमी देते. खरेदीच्या वेळी किमतीइतकाच हा फरकही तपासावा.

सर्व्हिसिंगला देताना तीन गोष्टी लेखी सांगाव्यात: केसला पॉलिश करू नये, कारण प्रत्येक पॉलिशने धातू उतरतो आणि कडा बोथट होतात, जुन्या घड्याळाची तबकडी व काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत, आणि बदललेले भाग परत द्यावेत. सोबत तारखेसह केलेल्या कामाची नोंद मागून घेऊन जपून ठेवावी.