सायलेन्सरची नळी हा इंजिनाचाच भाग

तेव्हाच्या अहमदनगरात कारखाना असलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना मोपेड १९७२ साली आली. तिच्या ५० सीसी टू-स्ट्रोक इंजिनात धूर सोडायला झडप नसते. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरच्या भिंतीतलं धुराचं भोक, म्हणजे पोर्ट, उघडतं आणि दाबाची लाट नळीत शिरते. नळीचा आकार नेमका असेल तर लाट उलटून निसटतं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ऑइलचा कार्बन नळीत साचला की चढावर गाडी धापा टाकते. मग मिस्त्री सायलेन्सर खोलून खरवडतो.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या हेडरमागेही, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यामागेही, लाटांचंच गणित आहे. प्रत्येक सिलिंडरला सारख्या लांबीची स्वतंत्र नळी दिली की एकाचा धूर दुसऱ्याला अडवत नाही. मात्र हेडर बदलल्यावर कार्बोरेटरचे जेट तपासून घ्याच. आणि केवळ आवाजासाठी सायलेन्सर पोकळ करू नका. ताकद वाढेलच असं नाही, शेजाऱ्यांना त्रास मात्र नक्की.