वसईचा दुभाषा, नागासाकीचा रक्तसाक्षी
लेखमाला : साक्ष – भाग पाचवा

धायरी फाट्यावरून गावाकडे वळलं की सिंहगडाची रांग नजरेत भरते. बलिदान म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. गडाकडे बोट दाखवलं की पुरतं. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे तिथे लढता लढता पडले. तलवार हाती असताना आलेलं ते मरण आपल्या मनात पिढ्यानपिढ्या मुरलेलं आहे.

ही लेखमाला मात्र दुसऱ्या एका मरणाविषयी आहे. या माणसाच्या हातात शस्त्र नसतं. शब्द फिरवला तर जीव वाचण्याची आशा असते, तरी तो शब्द फिरवत नाही. मराठी ख्रिस्ती माणसं अशाला ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. किती नेमका शब्द! युरोपीय भाषांतल्या ‘मार्टर’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही ‘साक्षीदार’ असाच आहे.

मागच्या भागात आपण झुरिचच्या फेलिक्स मान्झची कथा पाहिली. बाप्तिस्मा अजाण बालकाला नव्हे, तर समजून-उमजून श्रद्धा ठेवणाऱ्याला द्यावा, एवढंच तो आणि त्याचे सोबती म्हणत होते. लोकांनी त्यांना अॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असं नाव ठेवलं. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झचे हात गुडघ्यांशी बांधून त्याला लिम्मत नदीत बुडवण्यात आलं. त्याला बुडवणारं नगरही ख्रिस्तीच होतं, तेही धर्मसुधारणेचा झेंडा घेतलेलं. त्यानंतर ७० वर्षांनी आशियाच्या दुसऱ्या टोकाला एका वसईकराने अशीच साक्ष दिली. पंथ वेगळा, देश वेगळा, पण प्रश्न तोच. आज त्या गोन्सालो गार्सियाविषयी.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली होती, त्यामुळे गोन्सालो वाढला तो पोर्तुगीज अमलात. किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंकडे त्याचं शिक्षण झालं आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तो त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला.

तिथे त्याने जी विद्या कमावली, तिनेच पुढे त्याचं आयुष्य घडवलं आणि संपवलंही. त्याने जपानी भाषा आत्मसात केली. बाजारात वापरायची मोडकीतोडकी नव्हे, तर लोकांच्या मनापर्यंत पोचणारी. कित्येक वर्षं तो जेझुइटांसाठी धर्मशिक्षणाचं काम करत राहिला, पण संघात कायमचा प्रवेश काही मिळाला नाही. शेवटी तो बाहेर पडला, व्यापारी झाला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. तरीही मनातली ओढ गेली नाही. फिलिपिन्समधल्या मनिला इथे तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. फादर म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून.

त्या काळात जपानची सूत्रं तोयोतोमी हिदेयोशीच्या हाती होती. मिशनऱ्यांनी देश सोडावा, असं फर्मान त्याने १५८७ मध्येच काढलं होतं, पण त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता हिदेयोशीच्या भेटीला निघाले. त्यांना जपानी येत नव्हतं. दुभाषा म्हणून सोबत घेतलं ते ब्रदर गोन्सालोला. हिदेयोशीपुढे फ्रान्सिस्कनांचा शब्द पोचला तो या वसईकराच्या तोंडून. पुढे क्योतोमध्ये त्यांनी महारोग्यांसाठी रुग्णालय उघडलं. तिथल्या माणसांशी बोलायचं तर गोन्सालोशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. आमच्या राजाचे आधी धर्मोपदेशक येतात आणि मागून सैन्य, अशी फुशारकी जहाजावरच्या सुकाणूदाराने मारल्याचं त्या काळच्या लिखाणात येतं. हिदेयोशीचा संशय भडकला आणि डिसेंबरमध्ये धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानांच्या पाळ्या कापण्यात आल्या. मग भर थंडीत गावोगाव धिंड काढत त्यांना सुमारे ८०० किलोमीटरवरच्या नागासाकीला नेण्यात आलं. निघताना ते २४ जण होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली.

५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर २६ क्रूस रांगेने उभे केले गेले. सव्वीसांपैकी २० जण जपानी होते. लुई इबाराकी तर अवघा बारा वर्षांचा. मारणाऱ्यांना मी क्षमा करतो, असं त्यांच्यातल्याच पॉल मिकीने क्रूसावरून सांगितलं. मग दोन्ही कुशींतून भाले खुपसण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

इथे पुण्यातला वाचक एक रास्त प्रश्न विचारेल. ज्या पोर्तुगीज सत्तेने वसईत देवळं पाडली, ज्यांच्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, ज्यांच्याकडून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यांच्या छायेत वाढलेल्या माणसाला आपण का मानावं? जपानलाही परक्यांच्या सैन्याची धास्ती नव्हती का?

होती, आणि ती निराधार नव्हती. पण सत्तेचा हिशेब सत्तेच्या खात्यावर मांडावा, माणसाचा माणसाच्या. झुरिचमध्ये प्रोटेस्टंटांनी मान्झला बुडवलं, गोव्यात कॅथलिकांनी लोकांना छळलं, नागासाकीत कॅथलिकांचा छळ झाला. धर्म बदलले, देश बदलले, पण गुन्ह्याचं मूळ एकच राहिलं : श्रद्धेवर राज्याचा दंडा. मान्झच्या सोबत्यांनी हे तेव्हाच ओळखलं आणि धर्माच्या कामात राज्याची तलवार नको, असं ठणकावून सांगितलं. गोन्सालोने असा काही सिद्धान्त मांडला नाही. त्याने कोणावर शस्त्र उचललं नाही, कोणाला बाटवण्यासाठी छळलं नाही. परक्या मुलखात तो तिथल्या भाषेत लोकांशी बोलला आणि महारोग्यांच्या सेवेत राहिला. एवढं मला पुरेसं आहे.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीसांना संतपद दिलं. गोन्सालो हा भारतात जन्मलेला कॅथलिक चर्चचा पहिला संत. त्या घटनेच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेलं स्मारक उभं राहिलं. झुरिचच्या चर्चनेही २००४ मध्ये अॅनाबॅप्टिस्टांची जाहीर क्षमा मागितली आणि लिम्मतच्या काठी मान्झच्या नावाचा शिलालेख लावला.

वाचकांना एक विनंती. वसईच्या किल्ल्यात जाल तेव्हा चिमाजी अप्पांचा पराक्रम जरूर आठवा, आणि तिथल्या पडक्या चर्चपाशी क्षणभर थांबून या दुभाष्यालाही आठवा. फेब्रुवारीची ४ तारीख आपण विसरत नाही. तिच्या शेजारची ५ तारीखही महाराष्ट्राचीच आहे.

(पुढील भागात : ठाण्याचे चार फ्रान्सिस्कन, १३२१)