सरकारी खरेदीतला आपल्या गटाचा वाटा

 

मागे एकदा आमच्या एका गटाच्या अध्यक्ष मावशींचा मला फोन आला. म्हणाल्या, "ताई, एक भाऊ घरी आलेत. सरकारी मालाचं टेंडर भरायचं म्हणतात. पैसा त्यांचा, माल त्यांचा, गाडी त्यांची. आपण फक्त गटाचे कागद द्यायचे आणि सह्या करायच्या. वर्षाला पंचवीस हजार देतो म्हणतात. देऊ का?"

मी म्हटलं, "मावशी, त्यांना चहा पाजून पाठवा. सही आज करू नका. बैठकीत बोलू."

बैठकीत आम्ही एकच प्रश्न मांडला. ज्या माणसाकडे पैसा आहे, माल आहे, गाडी आहे, त्याला आपले कागद कशाला हवेत? याचं उत्तर समजलं की आजचा अर्धा विषय समजला.

उत्तर असं आहे. केंद्र सरकारने २०१२ साली लहान उद्योगांकडून खरेदी करण्याचं धोरण आणलं. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभरात जेवढी खरेदी करायची, तिच्यातला ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा. आधी हा हिस्सा २० टक्के होता. २०१८ साली तो २५ टक्के झाला. या २५ मधले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी ठेवलेले आहेत. झाडू, ब्रश, पिशव्या, कागदी पाकिटं अशा ३५८ वस्तू तर फक्त लहान उद्योगांकडूनच घ्यायच्या, अशी यादीही आहे.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. हा हिस्सा वर्षाच्या एकूण खरेदीचा आहे, प्रत्येक टेंडरमध्ये तो वेगळा काढलेला नसतो. आणि तो माल बनवणाऱ्यांसाठी व सेवा देणाऱ्यांसाठी आहे. बाजारातून माल आणून नुसता पुढे विकणाऱ्याला तो मिळत नाही.

आता आपल्या राज्यातली गोष्ट सांगते. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरायचे नाहीत, काम शक्यतो गावातल्या लोकांना, बचत गटांना आणि महिला मंडळांना द्यायचं. पण २०१२ साली न्यायालयाच्याच आयुक्तांनी अहवाल दिला की महाराष्ट्रात महिला संस्थांच्या पाट्यांमागे खासगी ठेकेदार काम करताहेत. पुढे २०१६ मध्ये राज्याने घरी नेण्याच्या आहाराचं टेंडर काढलं. त्यात अनेक प्रकल्प एकत्र बांधले होते आणि अटी एवढ्या मोठ्या होत्या की साध्या गटाला दारातही उभं राहता येईना. वैष्णोराणी महिला बचत गट हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ते टेंडर रद्द केलं.

म्हणजे बघा, गटाच्या नावाला किंमत आहे, म्हणून तर कुणीतरी ते भाड्याने मागायला येतं. आणि सही केल्यावर काय होतं? माल खराब निघाला तर काळ्या यादीत गटाचं नाव जातं. कराची नोटीस गटाच्या पॅनवर येते. उद्या बँकेत कर्ज मागायला गेलो तर खात्यावर फिरलेल्या पैशाचा हिशोब आपल्यालाच द्यावा लागतो. पंचवीस हजारांत एवढं सगळं विकलं जातं.

मग स्वतः उतरायचं तर कसं? गिऱ्हाईक फार लांब नाही. आपल्याकडे मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं आहे. नांदेडला रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांत नवोदय विद्यालय आहे. शिवाय टपाल खातं, सरकारी बँका, विमा कंपन्या. या सगळ्यांना डाळ, मसाला, पिशव्या, पडदे, साफसफाईचं सामान लागतंच.

पहिली पायरी कागदांची. उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर होते आणि पूर्ण मोफत आहे. कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. फार तर सेवा केंद्रात फॉर्म भरून घेण्याचा वाजवी खर्च. नोंदणीत संस्थेचा प्रकार म्हणून बचत गट निवडता येतो. त्यासोबत गटाचं पॅन, बँक खातं, सह्यांचे अधिकार कुणाला हे सांगणारा ठराव, आणि खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी. जीएसटी आपल्याला लागतो की नाही, हे उलाढालीवर आणि मालावर ठरतं, ते कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

इथे आमची फजिती सांगते. आम्ही पहिल्यांदा भरलं तेव्हा पॅनवर नाव होतं "महिला बचत गट", बँकेत होतं "स्वयंसहायता महिला बचत गट", आणि अन्न नोंदणीवर सचिव ताईंचं एकटीचं नाव. तिन्ही कागद खरे, पण एकमेकांशी जुळेनात. आमचा अर्ज दर उघडायच्या आधीच बाद झाला. डाळीत खडा नव्हता, कागदात होता. म्हणून आज घरी गेल्यावर सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नावाचं अक्षर न् अक्षर जुळतं का बघा.

दुसरी पायरी म्हणजे जेम पोर्टल. केंद्र सरकारचा हा ऑनलाइन बाजार २०१६ पासून सुरू आहे. महिलांच्या मालासाठी त्यात 'वुमनिया' नावाचा वेगळा कोपरा २०१९ मध्ये केला आहे. नोंदणी करून मालाचा फोटो, वजन, दर टाकायचा. लहान खरेदी अधिकारी थेट करतो, त्याच्या वरची दरांची तुलना करून, आणि मोठी टेंडर मागवून. सेवा केंद्रातल्या मुलाकडून फॉर्म भरून घ्या, पण मोबाईल नंबर गटातल्या बाईचाच द्या आणि पासवर्ड गटाच्या वहीत ठेवा. ज्याच्या हातात पासवर्ड, त्याच्या हातात दुकान.

टेंडर उघडलं की आधी एक गोष्ट शोधा. लहान उद्योगांना अनुभवाच्या आणि उलाढालीच्या अटीत सूट आहे की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. 'नाही' असेल आणि तीन वर्षांची लाखोंची उलाढाल मागितली असेल, तर तिथे वेळ घालवू नका. बयाणा रक्कम आपल्यासारख्या उद्योगांना माफ असते. पण काम मिळाल्यावर कामाची अनामत भरावी लागू शकते, तिची सोय आधी बघा.

दराचा एक नियम फार उपयोगाचा आहे. समजा कापडी पिशवीसाठी एका मोठ्या कंपनीने सगळ्यांत कमी १०० रुपये दर दिला आणि आपण ११२ दिला. आपला दर १५ टक्क्यांच्या आत आहे. अशा वेळी १०० रुपयांवर यायची तयारी असेल, तर आपल्याला निदान चौथा हिस्सा काम द्यावं, असं धोरण सांगतं. पण हो म्हणायच्या आधी वही काढा. कापड, दोरा, वीज, गाडीभाडं आणि आपली मजुरी धरून पिशवी ९५ ला पडत असेल तर घ्या. १०४ ला पडत असेल तर सोडून द्या. घरच्या बाईची मजुरी शून्य धरून काढलेला दर हा दर नव्हे.

तिसरी गोष्ट, जिथे गट खरे मोडतात, ती म्हणजे पैसे. एका कार्यालयाला आम्ही माल दिला आणि बिल चार महिने अडकलं. तोवर किराणा दुकानदार दारात, बँकेचा हप्ता डोक्यावर. दोन बायांनी तर गटच सोडला. तेव्हा आम्हाला कायदा माहीत नव्हता. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते, तिची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असू द्या, आणि माल दिल्या दिवशीच पोचपावतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. तरीही कायदा पैसे उद्या आणून देत नाही. म्हणून दोन-तीन महिने बिल न आलं तरी गट तग धरेल, एवढंच काम घ्या.

एका गटाला जमत नसेल तर ग्रामसंघ किंवा प्रभागसंघाच्या बैठकीत विषय मांडा. एक गट डाळ भरडेल, दुसरा पाकिटं भरेल, तिसरा हिशोब ठेवेल. उमेद आणि माविमच्या ताईंना सोबत घ्या. आणि सुरुवात गावातूनच करा. शाळेच्या पोषण आहाराचं शिजवणं, शाळेला लागणारी शिलाई, ग्रामपंचायतीची छोटी खरेदी. वेळेवर काम केल्याचा एक कागद मिळाला की तोच पुढच्या टेंडरला अनुभव म्हणून लावता येतो.

त्या गटाचं पुढे काय झालं ते सांगते. त्यांनी त्या भावाला नाही म्हटलं. सोपं नव्हतं. पंचवीस हजार ही आपल्यासाठी लहान रक्कम नाही, आणि दोन बायका अजून नाराज आहेत. आज त्यांच्याकडे उद्यमचा कागद आहे, जेमवर मसाल्याची तीन पाकिटं दिसतात, आणि आतापर्यंत एकच छोटी ऑर्डर आली आहे. पण बिल गटाच्या खात्यात आलं, आणि ते कशाचं आहे हे गटातली प्रत्येक बाई सांगू शकते.

पुढच्या बैठकीत एवढंच करा, कागदांची पिशवी मध्ये ठेवा आणि सगळ्यांनी मिळून नावं जुळवा. काही अडलं तर आपल्या गटाच्या समन्वयक ताईंना विचारा, विचारायला लाजू नका.